कॉर्नेट सुटल्यावर

जळकोटच्या वीरभद्रचे पुढचे दोन दात मोटेच्या चाकानं नेले. चाक निखळलं आणि त्याचा दांडा तोंडावर बसला. गावाला वाटलं, जीव वाचला, दातांचं काय एवढं, भाकरी कुस्करून खाता येते. पण वीरभद्र त्याआधी सोलापुरात गिरणीत होता आणि संध्याकाळी तिथल्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे गाण्याची चाल धरणारा छोटा पितळी बाजा, वाजवायचा. वरातीत सगळ्यांच्या पुढं तोच असे. बाप वारल्यावर शेतीसाठी गावी निघाला तेव्हा बँडच्या उस्तादांनी सांगितलं होतं, "सुगी झाली की ये. तुझा बाजा दुसऱ्या कुणाला देत न्हाय."

सुगीच्या आधीच दात गेले. त्यानं सोलापूरला निरोपही धाडला नाही.

घरात तो याबद्दल बोलत नसे. पण हमरस्त्यानं एखादी वरात निघाली की औत थांबवून उभा राही, बाजाचा आवाज विरेपर्यंत. बायको गौराबाई भाकरी घेऊन बांधावर ताटकळायची. तिनं कधी हटकलं नाही.

दुसरी मोठी लढाई संपली त्या वर्षी पितळ पुन्हा बाजारात येऊ लागलं. नवरात्राच्या तोंडावर सोलापूरच्या काही वाद्यवाल्यांनी तुळजापुरात, एका धर्मशाळेत, प्रदर्शन मांडलं. दोघं देवीला गेले होते. परतताना धर्मशाळेतून बाजाचे तुटक सूर ऐकू आले आणि वीरभद्र पायरीवरच थबकला.

"चला की आत," गौराबाई म्हणाली.

"कशाला? घ्यायचं थोडंच हाय."

"बघायला कोण नको म्हणतंय?"

आत लांबलचक फळ्यांवर बाजे ओळीनं ठेवले होते. कुणी फुंकून बघत होतं, कुणी कळा दाबून. दुकानदार गुंडप्पानं वीरभद्रची नजर कुठं खिळलीय ते ओळखलं आणि कॉर्नेट त्याच्या हातात दिलं. "वाजवून बघा मालक. त्यासाठीच मांडलंय."

बोटं आपोआप कळांवर बसली. बाजाच्या तोंडाची पितळी वाटी ओठांना लावून त्यानं फुंकलं. ओठ दातांच्या खाचेत गेला आणि नुसता वारा फुसफुसला. त्यानं ओठ आवळून पुन्हा फुंकलं. करडू ओरडावं तसा आवाज निघाला. शेजारचा एक शिपाई हसला. वीरभद्रनं कॉर्नेट जपून खाली ठेवलं आणि वळला.

"अवो," गौराबाई हळूच म्हणाली, "त्यो कोपऱ्यातला मोठा बघा. त्याचं तोंड रुंद हाय."

"त्यो माझा न्हाय."

"बघा तर."

तिच्यासाठी म्हणून त्यानं मोठा बाजा मांडीवर घेतला. त्याच्या वाटीत दोन्ही ओठ सैल बसले, खाच आड आली नाही. खोल, भरीव सूर निघाला आणि धर्मशाळेतली माणसं मागं वळून बघू लागली. वीरभद्रनं डोळे मिटले. इतक्या वर्षांनी छातीतला वारा सूर होऊन बाहेर पडत होता.

तुळजापूरचा बँडवाला हणमंतप्पा तिथंच बाजे पारखत होता. तो जवळ येऊन बसला.

"पाव्हणं, लग्नसराईत येता का? तळाचा सूर धरायला मला माणूस न्हाय."

"म्या पुढं वाजवणारा हाय," वीरभद्र म्हणाला.

हणमंतप्पानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. "असाल. पर आता?"

वीरभद्रनं मोठा बाजा खाली ठेवला आणि उठला.

गाडी जळकोटच्या रस्त्याला लागली. मग गौराबाई म्हणाली, "जावा की. मला तर लई ग्वाड वाटलं."

"मागं हुभं राहून दुसऱ्याचं गाणं ऐकायचं व्हय?"

"आता शेतात हुभं राहून ऐकताच की."

त्या लग्नसराईत तो हणमंतप्पाकडं गेला. पुढं रझाकारांच्या धामधुमीत वराती बंद पडल्या. वीरभद्र बायकोला घेऊन सोलापूरकडं पाहुण्यांच्यात जाऊन राहिला. निजामाचं राज्य गेल्यावर परत आला. लग्नं पुन्हा वाजतगाजत लागू लागली आणि मोठा बाजा पुन्हा त्याच्या खांद्यावर आला. तळाच्या सुरात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. हणमंतप्पा नव्या पोरांना सांगायचा, चुकलात तर वीरभद्रण्णाचं ऐका.

मंडळी जेवायला बसली की बाजे मांडवात पडून असत. वीरभद्र पंगतीवरून लवकर उठायचा आणि कॉर्नेट हातात घ्यायचा. ओठाला लावत नसे. अख्ख्या गाण्याच्या कळा दाबायचा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि होतं तिथं ठेवून द्यायचा.

एका लग्नात गौराबाई सोबत होती. तिनं ते पाहिलं.

"अजून गेली न्हाय का हौस?"

"न्हाय," तो म्हणाला. "आता जायाची बी न्हाय."

बाहेर हणमंतप्पानं हाक मारली. वरात निघायची होती.