सोनाबाईचं नागपूरचं पत्र

आधी माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंतच. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, आणि अक्षर म्हणाल तर कोंबडीचे पाय. पण जे लिहिणार आहे ते आजवर कोणाला सांगितलं नाही – आईला नाही, घरधन्यालाही नाही – तेव्हा वाकडंतिकडं असेल तसं वाचून घ्या.

आमचं गाव दारव्ह्याहून चार कोसांवर. गावाला लागून बंजाऱ्यांचा तांडा. तिथे कोणाला वाचता येत नव्हतं, आणि गावातल्या बायकांत मला एकटीलाच येत होतं. म्हणून तांड्यातल्या बायका आपली पत्रं माझ्याकडे आणायच्या. चारचौघांत माझं तोंड उघडत नसे. पण कागद हातात आला की आवाज निघायचा. मी वाचीन ते खरं, असा त्यांचा भरवसा होता – हे आधीच सांगून ठेवते.

त्यांच्यात सोनाबाई होती, माझ्याच वयाची. घागरीवर टाकायचे रुमाल भरायची. लाल कापड, त्यावर आरशाचे तुकडे, काठाला कवड्या. नागपूरची राजधानी गेली त्या हिवाळ्यात नागपूरच्या चित्रांच्या संग्रहालयातले एक साहेब आठवडी बाजारात तिचे रुमाल पाहून तांड्यावर आले. म्हणाले, पुढच्या महिन्यात आमच्याकडे कार्यक्रम आहेत, एक दिवस लोकांसमोर बसून हे काम करून दाखवा. सोबत एखादी वाचता येणारी बाई आणा. तारीख पत्राने कळवतो. दोघींच्या भाड्याचे वीस रुपये त्यांनी माझ्या हातात दिले. शिकलेली म्हणून – माझ्या हातात.

पैशांचं मी घरी बोलले नाही. पण बाकीचं सासूबाईंच्या कानावर गेलंच. "वावरात कापूस फुटून राह्यला, अन् आमची सून चित्रं पाहाले चालली," त्या म्हणाल्या. "तिलेच तिथं भितीले टांगलं, तं उतरवाले कोन जाईन?" सगळे हसले. मीही हसले.

पंधरा दिवसांनी पाकीट आलं. माझ्याच पत्त्यावर. आत निळसर छापील कागद – येत्या कार्यक्रमांचा. पहिल्या रविवारी जुन्या मूर्तींवर व्याख्यान. दुसऱ्या रविवारी यंत्राच्या दिव्याने पडद्यावर चित्रं. आणि तिसऱ्या रविवारी – 'तांड्यावरील भरतकाम, प्रत्यक्ष. सोनाबाई.' स्त्रियांना प्रवेश मोफत. तो कागद मला आजही पाठ आहे. पडदा केवढा असेल? मूर्तींना हात लावू देत असतील का? व्याख्यानाला बायका पुढे बसत असतील की मागे?

तो कागद मी तुरीच्या कणगीमागे सरकवला.

का? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की घाबरले. सासूबाईंना विचारायची छाती नव्हती. खरं आहे – पण अर्धंच. मी नाही म्हटलं असतं तर सोनाबाई अडली नसती. तांड्याच्या नाईकाने कोणीतरी सोबत दिलं असतं. ती गेली असती. जिला अक्षर येत नाही तिचं नाव छापून आलं होतं. मला अक्षर येतं, आणि माझं नाव कुठेच नव्हतं. मी नाही, तर तीही नाही – असं मनात आलं. असंच, या शब्दांत आलं. घ्या, लिहून झालं.

ती रोज विहिरीवर विचारायची, "आलं का व बाई, माह्यं पत्र?"

"नाही आलं." किती सोपं होतं ते म्हणणं.

त्या दिवसासाठी तिने नवा रुमाल भरायला घेतला होता. तिसऱ्या रविवारी मी वावरात कापूस वेचत होते. नागपुरातल्या कुठल्याशा खोलीतली एक रिकामी चटई दिवसभर माझ्या डोळ्यांपुढे होती. मग साहेबांचं कार्ड आलं – का आला नाहीत? तेही मी तिला वाचून दाखवलं नाही.

"राहू दे व," ती शेवटी म्हणाली. "मोठ्या लोकायले कायची याद राह्यते." माझ्या मुलीच्या बारशाला तिने तोच रुमाल आणला. "नागपूरले नाही गेला, तं तुह्या पोरीवर राहू दे." मी घेतला. हात पुढे करून घेतला.

आणि ते वीस रुपये? संक्रांतीला मी पातळ घेतलं. माहेरून आलं म्हणून सांगितलं.

त्याला आता आठ वर्षं झाली. संग्रहालयाचा निळसर कागद अजून येतो. येत्या रविवारी काय, पुढच्या महिन्यात काय. मी ओळ न् ओळ वाचते, आणि मनातल्या मनात जाऊन येते. नागपूर मी अजून पाहिलं नाही. सोनाबाईनेही नाही. तिचे डोळे अधू झाले, सुई ओवता येत नाही.

बाजारात तूप विकून मी थोडेथोडे पैसे बाजूला टाकले, आणि गेल्या महिन्यात संग्रहालयाला मनीऑर्डर केली. कुपनावर लिहिलं – 'सोनाबाई व सोबतीण यांचं भाडं. दोघींना आणलं नाही मी.'

काल पोचपावती आली. सोनाबाई ओसरीवर बसली होती. टपालवाल्याची चाहूल तिने ओळखली.

"कोनाचं व बाई?"

"नागपूरचं," मी म्हटलं.

ती माझ्याजवळ सरकून बसली. मग म्हणाली, "काय लिवलं?"

पावतीवर होतं तेवढंच मी वाचून दाखवलं. वीस रुपये पोचले. पूर्ण.