झरीबारच्या बर्फावरची वरात

मरिवान या कुर्दी गावात काक बारामचं, म्हणजे बारामदादाचं, पोट ही गावाच्या मालकीची वस्तू होती. पोट त्याचं, काळजी सगळ्यांची. उन्हाळ्यात तो झरीबार सरोवरात होडी वल्हवायचा, सनंदज शहरातून आलेल्या पाहुण्यांना कमळं दाखवायचा आणि पाहुण्यांनी आणलेलं टरबूज त्यांच्या आधी संपवायचा. हिवाळ्यात सरोवर गोठलं, की एका सकाळी लोखंडी टोकाची काठी घेऊन तो एकटाच बर्फावरून पलीकडच्या कानीबर्दला जायचा आणि दुपारी परत यायचा. तो परतला, की गाव म्हणायचं, "बाराम गेला, म्हणजे आता लादलेलं खेचरही जाईल." आणि त्याच्या पावलांमागून बर्फावरची वाट सुरू व्हायची.

एकशे तीस किलोचा माणूस. बावीस हिवाळे. त्याच्या मागून गेलेल्यांपैकी कुणाचा बूटसुद्धा भिजला नव्हता.

म्हणून पानगळ सुरू झाली, की गाव त्याला खायला घालू लागायचं. रानकांदा भरलेल्या, लोण्यानं निथळणाऱ्या पोळ्या, द्राक्षाच्या पानांत भात भरलेला पातेलंभर डोलमा, अक्रोडांची पोती. त्या दोन महिन्यांत गुलअंदामची, म्हणजे त्याच्या बायकोची, चूल फक्त चहापुरती पेटायची.

मग गेल्या वर्षी त्याला साखर निघाली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर काय काय खायचं नाही ते लिहून दिलं. बारामने कागद खिशात घातला, गुलअंदामने तो खिशातून काढून भिंतीला चिकटवला. वर्षभरात चव्वेचाळीस किलो गेले. कमरेला गुंडाळायचं कापड पूर्वी दोन वेढ्यांत संपायचं, ते आता तीन वेढे घ्यायला लागलं. लोक सांत्वनाला यायचे. बिनसाखरेचा चहा पीत भिंतीकडे बघायचे आणि म्हणायचे, "देवाची मर्जी."

त्यातच उस्ता नादिर गवंड्याच्या मुलीचं, शिलेरचं, लग्न ठरलं. नवरा कानीबर्दचा. तारीख ठरली, मेंढे ठरले, आणि लग्नाच्या तीन दिवस आधी डोंगरावरचा बर्फ कोसळून सरोवराकाठचा रस्ता गाडला गेला. वरात जायची तर बर्फावरूनच.

चहाच्या दुकानात गाव जमलं. बाराम कोपऱ्यात बसला होता. त्याच्याकडे कुणी बघेना.

"फायेक," उस्ता नादिर खाटकाला म्हणाला, "तू किती भरतोस?"

"एकशे सव्वीस," फायेक म्हणाला. "कोटासकट एकशे तीसच धर."

फायेक दुकानासमोरच्या धक्क्यावरून बर्फावर उतरला, शंभर पावलं गेला, दोन उड्या मारल्या आणि परत आला. "चुलीच्या ओट्यासारखा घट्ट आहे. नाकासमोर चालत सुटा."

"नाकासमोर जाऊ नका," बाराम म्हणाला. "मध्ये तळातून झरे फुटतात. तिथला बर्फ दह्यावरच्या सायीएवढा असतो."

"तुझा जीव तरी आता केवढा राहिलाय, काक बाराम," कुणीतरी म्हणालं. "वाऱ्याचा दिवस आहे, घरी बस."

दुकान हसलं. बारामही सवयीनं थोडा हसला, पण कानांपर्यंत लाल झाला. बावीस वर्षं गावाने त्याचं पोट पाहिलं होतं. त्याचे पाय कुठून कुठे वळत जातात, ते कुणी पाहिलंच नव्हतं. पोट गेल्यावर आपल्या शब्दाचं काही उरलंय का, हे त्याला त्या क्षणी कळेना. आणि शब्द उरला नसेल, तर परवा चाळीस माणसं सायीवरून चालणार होती.

संध्याकाळी शिलेर स्वतः त्याच्या दाराशी आली. त्याला ती मामे, म्हणजे काका, म्हणायची.

"मामे बाराम, तू पुढे चाल. मी तुझ्या मागून येईन."

"तुझ्या बापाचं काय?"

"माझ्यामागून बाबा येईलच. नवरीला सोडून वरात पुढे कुठे जाईल?"

"आणि सरळ वाट बरी, असं तुला नाही वाटत?"

"होडीतून तू मला कधी सरळ नेलंस?" शिलेर म्हणाली.

गुरुवारी सकाळी वरात धक्क्यावर उभी राहिली. रुखवताची घसरगाडी ओढायला शिलेरचे भाऊ, पाठीवर ढोल घेतलेला ढोलवाला, सनईवाला, आणि शेपटाला तोंड पाडून फायेक. बारामने सगळ्यांना बजावलं, "दोघांत दहा पावलं. हातात हात नाही. आणि नाचायचं नाही."

शेवटचं ऐकून वरातीचे चेहरे सुतकी झाले.

"थोडंसुद्धा नाही?" उस्ता नादिरने विचारलं.

"चाळीस माणसांचे पाय एका तालात आपटले, तर डोंगर हलेल. हा तर बर्फ. सनई कोटाच्या आत घाल."

सनईवाल्याने लेकरू लपवावं तशी सनई लपवली.

बाराम काठी टेकवत, कान देत, वेलांट्या घेत निघाला. मध्याच्या पुढे एके ठिकाणी थांबून त्याने काठी डावीकडे लांब केली आणि एकच ठोसा दिला. काठी हातभर आत गेली, वर पाणी बुडबुडलं. ती जागा धक्क्यापासून थेट नाकासमोर होती.

शेपटाकडून फायेकचा आवाज आला, "बघत काय उभे राहिलात? तो जातोय तसे चला."

इथवर सगळं ठीक होतं. पण नवरीचा लाल शेला दिसताच पलीकडच्या काठावर कानीबर्दकरांनी ढोल धरला. स्वागताचा. त्यांना कोण सांगणार? थंड हवेत तो ढोल कानाशी वाजल्यासारखा येत होता. बारामने मागे पाहिलं. खांदे हलत होते. दहा-दहा पावलांची अंतरं आपोआप पाच झाली होती, हात हात शोधत होते. उस्ता नादिर दुःखी चेहऱ्याने नाचत होता. आपण नाचतोय हे त्याला ठाऊकच नसावं. बर्फाच्या पोटातून एक लांब कण्हणं आलं.

"बसा," बाराम म्हणाला. "जिथं आहात तिथं, खाली बसा."

खाली बसून नाचणारा कुर्द अजून जन्माला यायचाय. सगळी वरात बर्फावर बसली. नवरीही.

काठावर ढोल अडखळला. नवऱ्याचा बाप पुढे धावला. त्याला एकच अर्थ लागला: मुलीकडचे मान मागायला अडून बसलेत.

"एक मेंढा वर देतो!" तो ओरडला.

"ढोल बंद करा," बारामने हात हलवला.

"दोन देतो!"

"ढोल!"

"बरं, तीन. पण उठा आता, मुलगी गारठेल."

"काक बाराम," मागून फायेक हळूच म्हणाला, "जरा बसू. चौथा निघेल."

शेवटी शिलेरने उभं राहून दोन्ही कान झाकून दाखवले. ढोल थांबला. एकाएका माणसाला अंतरावर उभं करत, शेवटची दोनशे पावलं बारामने वरातीला तपश्चर्येसारखी चालवली. मग त्याच्या बुटाखाली खडे वाजले. शिलेर आली, उस्ता नादिर आला, रुखवत आलं. शेवटी फायेक आला. चाळीसच्या चाळीस, कोरडे.

ढोल सुरू झाला. कोटातून सनई बाहेर आली. नाचाच्या साखळीत सगळ्यांत पुढे रुमाल फिरवणाऱ्याचा मान मोठा. उस्ता नादिरने तो रुमाल गर्दीतून चालत जाऊन बारामच्या हातात दिला. शेजारचा हात धरायला फायेक आधीच येऊन उभा होता.

"उद्या परतताना कुठून जायचं?" त्याने विचारलं.

"सकाळी बघून सांगतो," बाराम म्हणाला.

"बरं," फायेक म्हणाला. त्याने बारामचा हात धरला. बारामने रुमाल उंच धरला आणि कानीबर्दच्या दगडांवर पहिला पाय जोरात आपटला.