बंदुकीचं मलम

२०२०च्या फेब्रुवारीत बाबा दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आयर्लंडमध्ये नावनला आले आणि मार्चमध्ये विमानं बंद झाल्यामुळे अडकले. नवरा लिक्सलिपच्या चिपच्या कारखान्यात होता. त्याचं काम घरून होण्यासारखं नव्हतं, म्हणून तो रोज जायचा. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून सॉफ्टवेअरची नोकरी करायचे. बाबांना काहीच काम नव्हतं. पहिल्या पंधरा दिवसांत त्यांनी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल दिलं, स्वयंपाकघरातली कपाटं तीनदा लावली, आणि मग माझी मीटिंग चालू असताना समोर खुर्ची घेऊन बसू लागले.

बाबांची सगळी नोकरी सांगलीजवळच्या एका आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यात गेली, मलम विभागात. भेगांचं मलम, खरजेचं, भाजल्याचं. मेण आणि तेल यांबद्दल जे जे माहीत असू शकतं ते त्यांना माहीत होतं. निवृत्तीनंतर मात्र त्यातलं काही कुणी विचारत नव्हतं.

एप्रिलमधल्या एका दुपारी ते मागच्या अंगणातून आत आले. "शेजारी मेण करपवतोय," म्हणाले. "मधमाशीचं आहे, चांगलं. वाया घालवतोय."

शेजारी बाबांच्याच वयाचा, निवृत्त बसचालक, एकटाच राहायचा. इथे सगळ्यांना एकेरीतच हाक मारायची, त्यामुळे लिहितानाही त्याला अहो-जाहो करणं मला जमत नाही. मी लॅपटॉप मिटून बाबांच्या मागे कुंपणापाशी गेले. तो शेडच्या दारात कॅम्पिंगच्या शेगडीवर पातेलं ठेवून उभा होता, आणि पातेल्यातून धूर निघत होता.

"हे कशासाठी?" मी विचारलं.

"गोळ्यांसाठी," तो म्हणाला. मला वाटलं औषधाच्या, तर त्याने खिशातून शिशाची एक गोळी काढून दाखवली.

मी एक पाऊल मागे सरले. त्याने शांतपणे समजावलं. त्याच्याकडे जुन्या पद्धतीची एक रायफल होती, परवान्याची, फक्त क्लबात कागदावर नेम मारायला. शिशाच्या गोळ्या तो स्वतः ओतायचा. गोळीच्या अंगाला बारीक खाचा असतात, त्यांत मेणाचं वंगण भरायचं, नाहीतर शिसं नळीच्या आत चिकटून बसतं. क्लब बंद होता, म्हणून तो साठा करत होता. पण त्याचं वंगण वाळलं की टरफलासारखं सुटून पडायचं.

मी मराठीत सांगितलं. बाबांनी ती गोळी हातात घेऊन नखाने खरवडली आणि वासही घेतला.

"हे मलमच आहे," ते म्हणाले. "बंदुकीचं मलम. त्याला सांग, मेण कधी थेट आचेवर ठेवायचं नाही. उकळत्या पाण्यात भांडं ठेवायचं. आणि मेणात काय घालतो ते विचार."

मी विचारलं. तो म्हणाला, गाईची चरबी, खाटकाकडून आणलेली.

बाबांनी गोळी कुंपणाच्या खांबावर ठेवून दिली आणि हात पँटला पुसले. "अठराशे सत्तावन्न," ते म्हणाले.

आता हे कसं सांगायचं? काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावल्याच्या बातमीने शिपाई बिथरले आणि इंग्रजांविरुद्ध उठले, एवढं मी जमेल तसं सांगितलं. शेजाऱ्याने टोपी काढली. "म्हणजे या वंगणावरून तुम्ही इंग्रजांशी लढलात?" त्याने विचारलं. मी म्हटलं, तेही एक कारण होतं. त्याने उरलेली चरबी कागदात गुंडाळून शेजारणीच्या कुत्र्याला देऊन टाकली. परत येऊन म्हणाला, "ग्रँड," म्हणजे इथल्या भाषेत ठीक आहे, "आता काय घालायचं?"

"साजूक तूप," बाबा म्हणाले. "आणि थोडं एरंडेल."

दुसऱ्या दिवसापासून बाबा सकाळी आंघोळ करून, केस विंचरून कुंपणापाशी हजर व्हायचे. भांडी कुंपणावरून इकडून तिकडे जायची. माझ्या कुकरचा एक डबा गेला तो गेलाच. बाबांना इंग्रजी बेताचं येत होतं आणि शेजाऱ्याचं इंग्रजी मलाही निम्मंच कळायचं, तरी दोघांचं तासन्‌तास चालायचं. "मोर घी," बाबा म्हणायचे. "टू सॉफ्ट," तो म्हणायचा. "वेट," बाबा म्हणायचे. दोघेही वाट बघायचे.

थंडीची परीक्षा सोपी होती. फ्रीझरमधल्या मटारांच्या पिशवीवर बशी ठेवली की झालं. उन्हाची परीक्षा घ्यायला ऊन मिळेना. चार दिवस वाट पाहून बाबांनी नमुने आमच्या हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, वरच्या फळीवर ठेवले. खालच्या फळीवर नवऱ्याचे शर्ट होते. तिसरा नमुना उन्हाळ्याला टिकणार नाही, हे नवऱ्याला कारखान्यात पोचल्यावर कळलं. तिथे कपडे बदलताना शेजारच्या सहकाऱ्याने त्याला विचारलं, केक आणलायस का? संध्याकाळी तो घरी आला तेव्हा पाठीवर हाताएवढा तुपकट डाग होता. बाबांनी शर्ट उजेडात धरून बघितला. "पसरलंय छान," ते म्हणाले. "पण मेण वाढवायला हवं."

मेण वाढवायचं तर मेण संपलं होतं. मे महिना होता आणि पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती. शेजाऱ्याने सांगितलं, मधमाश्या पाळणारी एक बाई आहे, अगदी पाचांवर. तो मैल म्हणत होता, हे गाडीत सातवा किलोमीटर उलटला तेव्हा माझ्या लक्षात आलं. लगेच वळणावर पोलीस उभा. काच खाली केली.

"कुठे निघालात?"

"मेण आणायला," मी म्हटलं.

"मेण कशाला?"

मी शब्द जुळवत होते. तेवढ्यात मागच्या सीटवरून बाबांनी त्यांच्या जमेल त्या इंग्रजीत, स्वच्छ आवाजात सांगितलं, "फॉर बुलेट्स, सर."

पोलिसाने वाकून मागे बघितलं. बाबांनी स्वेटरवर मफलर गुंडाळला होता आणि मांडीवर रिकामा डालड्याचा डबा धरला होता. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. शेजारी, परवाना, क्लब, शेड, तूप. सत्तावन्नचं गाळलं.

"तो, पूर्वी बस चालवायचा तो?" पोलिसाने विचारलं.

"तोच."

"शाळेत मला तोच न्यायचा," तो म्हणाला, आणि गाडी वळवून घरी जा असं त्याने सांगितलं. तेव्हा बाबांचं लक्ष त्याच्या हातांवर गेलं. सारखं सॅनिटायझर लावून ते फुटले होते, बोटांच्या पेरांवर रक्त दिसत होतं. बाबांनी खिशातून नमुना क्रमांक पाचची डबी काढली आणि खिडकीतून पुढे केली. "नाइट अँड मॉर्निंग," म्हणाले.

"हे बंदुकीचं ना?"

"सेम थिंग," बाबा म्हणाले.

आठवड्याभराने तो पोलीस शेजाऱ्याच्या फाटकाशी आला. शेजाऱ्याचा चेहरा पडला. पण पोलिसाला आणखी एक डबी हवी होती, आणि बायको नर्स होती म्हणून तिच्या वॉर्डसाठी सहा. येताना तो मेणाच्या दोन लाद्या घेऊन आला होता.

जुलैत क्लब उघडला. शेजाऱ्याने बाबांना आणि मला बघायला नेलं. कानांवर मोठे कर्णरक्षक लावून बाबा ताठ बसले. बार झाला, धूर आमच्याकडे आला, आणि त्याला खमंग कढवलेल्या लोण्याचा वास होता. बाकीचे लोक एकेक करून आमच्या मागे येऊन उभे राहिले. एकाने जेवायला काय आहे म्हणून विचारलं. दहा गोळ्यांपैकी आठ कागदाला लागल्या. शेजारी म्हणाला, चरबीवाल्याने नऊ लागायच्या. पण मग त्याने नळीतून कापड ओढून काढलं, ते उजेडात धरलं आणि बाबांना दाखवलं. शिशाचा कण नव्हता.

बाबांनी कापड हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. "त्याला विचार," ते मला म्हणाले, "हे मी ठेवून घेऊ का?"