गुलाबी चपलेवरच्या रेघा

कारखान्यात तिला सगळे 'धाकट्या साहेब' म्हणायचे, कारण थोरले साहेब म्हणजे तिचे बाबा, देखभाल विभागाचे इंजिनिअर. नट आवळून झाला की ते नटावरून बोल्टवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढायचे, फूटपट्टीने मारावी तशी सरळ. "रेघ म्हणजे माझा शब्द. मी पाहिलंय, पक्कं आहे," म्हणायचे. लेकीलाही हेच शिकवलं होतं, एकही नट सोडायचा नाही.

आणि या लेकीने कारखान्यातली चांगली चालती नोकरी सोडून माणसाएवढा टूथब्रश नि जीभ काढणारा नळ असल्या रंगीबेरंगी वस्तू बनवायला घेतल्या! लोक पोट धरधरून हसायचे. बाबा सोडून. "असल्या पोरखेळावर माझी रेघ मिळायची नाही," एवढं बोलून त्यांनी जो अबोला धरला तो धरलाच. तीही त्यांचीच मुलगी, हट्टाला कमी नाही. पण प्रत्येक प्रदर्शनात तिचा अर्धा जीव दाराकडे. त्यांनी एकदा यावं, बास.

मग बागेत तिची लोखंडी गुलाबी चप्पल उभी राहिली. बसएवढी लांब, टाच वर केलेली. मुलांनी टाचेकडून घसरत खाली अंगठ्याकडे यायचं. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी पाहते तर खालच्या नटांवर पांढरे फराटे, वाकडेतिकडे! शेजारी बाकं रंगवणारा पेंटर आयताच सापडला.

"दादा, जरा हात आवरा ना! वाट लावलीत माझ्या चपलेची."

"मी नाही हो ताई. आईशप्पथ, तिकडे फिरकलोपण नाही."

त्याचं ऐकतं कोण? थिनरचा बोळा घेऊन ती चपलेखाली आडवी झाली आणि एकेक नट लख्ख पुसून काढला.

संध्याकाळी आईच्या फोनवरून चक्क बाबा बोलले. "खालून नीट बघितलंस ना सगळं?"

"बघितलं बाबा. एक डाग ठेवला नाही."

"बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. इतक्या वर्षांनी बोलले तेही उलटतपासणी घ्यायला, म्हणून ती रात्रभर जळफळत राहिली.

महिना व्हायच्या आत बाबा गेले.

कपाट आवरताना आईने त्यांची हत्यारांची पिशवी पुढे केली. "उद्घाटनाच्या आदल्या दिवशी घेऊन गेले होते बागेत. शर्टाचं बटण लागत नव्हतं हाताने, इतका हात थरथरायचा, पण ऐकतात कुठे! मला म्हणाले, तू काही सांगू नकोस. बघेल ती, कळेल तिला."

पिशवीत पाना होता. त्याच्या जबड्यात गुलाबी रंग अडकलेला. शेजारी पांढऱ्या रंगाची बाटली.

ती तशीच बागेत धावली आणि चपलेखाली शिरली. वर मुलं खिदळत घसरत होती. पहिल्या नटापासून शेवटच्यापर्यंत ती बोट फिरवत गेली. एखादी रेघ, निदान रेघेचं टोक तरी. रडत रडत पुन्हा पहिल्यापासून बघितलं. काही नव्हतं. काम तिने बाबांच्या शिस्तीत केलं होतं, एकही नट सोडला नव्हता.