तांबड्याचं आवतण

श्रावण वद्य चतुर्दशी, गुरुवार, संध्याकाळी साडेपाच. पोळ्याचा आदला दिवस. ठिकाण माहेरचा गोठा, इगतपुरीच्या अलीकडे. हजर : आई, धाकटा भाऊ, भावजय, मी आणि तांबडा बैल. गैरहजर : पांढरा बैल. तो उन्हाळ्यात पोट फुगून दोन दिवसांत गेला.

कोण आलं, कोण नाही हे वहीत वर लिहायचं आणि खाली कामं लिहायची, ही माझी जुनी सवय. काम झालं की खूण करायची. त्या पानावर सतरा कामं होती. सोळांवर खूण आहे.

पहिलं काम घरचं नव्हतंच, सोसायटीचं होतं. नाशिक रोडला आमच्या इमारतीत पोळ्याला मातीच्या बैलांची पूजा करतात. सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठलं. "तुमच्या माहेरी खरे बैल आहेत ना? मग फलकावर लावायला अर्धं पान तुम्हीच द्या. पोळ्याचा अर्थ आणि उगम." अर्ध्या पानाचं काम, मी लगेच हो म्हटलं.

मग चौकशी सुरू केली. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, पोलासुर नावाचा राक्षस होता, त्याला कृष्णानं मारलं, तो हा दिवस. यात बैल कुठे आहे, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "असेल की कुठेतरी." ऑफिसातल्या एकीनं दुसरी गोष्ट सांगितली. शंकर-पार्वती सारीपाट खेळत होते, कोण जिंकलं ते नंदीला विचारलं. जिंकली होती पार्वती, पण त्यानं शंकराचं नाव घेतलं. पार्वती चिडली आणि तिनं शाप दिला की तुझ्या मानेवर जू बसेल. मग दया येऊन म्हणाली, वर्षातून एक दिवस तुझी पूजा होईल. म्हणजे एकीत राक्षस आणि दुसरीत शिक्षा. आभार दोन्हींत नाहीत. मी तरीही लिहिलं, 'वर्षभर राबणाऱ्या बैलांचे आभार मानण्याचा हा दिवस.' खाली सही केली आणि खूण केली.

आता ज्या बैलाचे आभार मानायला मी निघाले होते, त्याचं सांगते. पांढरा गेल्यावर भावानं फोनवर विचारलं होतं, "ताई, एकट्याचं काय करू?" मी दोन मिनिटांत हिशेबी उत्तर दिलं. एकटा बैल नांगराला चालत नाही. भाताच्या चिखलणीला तू यंदा भाड्याचं यंत्र आणलंस, पुढंही आणशील. वैरण फुकट जाते, आईला शेण काढवत नाही. पोळा होऊ दे, मग विक. गिऱ्हाईकही मिळालं होतं. पेठकडचा एक शेतकरी. त्याची जोडी मोडली होती, उजवीकडचा बैल गेला होता. आमचा तांबडा आयुष्यभर उजवीकडेच चाललेला. इतकं चोख जुळलेलं काम माझ्या वह्यांत क्वचितच असेल. आईला हे माहीत होतं. ती काही बोलली नव्हती. तिचं न बोलणं मी होकारात धरलं.

घोटीच्या बाजारात उतरून साज घेतला. गोंडे, बेगड, घुंगरमाळ, नवा कासरा. साजाचं दुकान एका म्हाताऱ्या चाचांचं आहे, आमचे वडीलही तिथूनच घ्यायचे. मी म्हटलं, "चाचा, एकाचंच द्या."

"एकाचं?" त्यांनी गोंड्यांची जोडी सुटी केली नाही. "बाई, दुकान बापाच्या वेळचं आहे. पोळ्याला एका बैलाचा साज आम्ही तोडून देत नाही."

"पण बैलच एक आहे."

"मग दुसरा घरात टांगून ठेवा. रिकाम्या जागेलाही लागतो."

मी दोघांचा घेतला. का घेतला ते मला सांगता येणार नाही.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे मळतात. जिथं जू घासतं तिथं ऊन पाण्यानं शेकायचं, मग तूप-हळद चोळायची. आणि शेवटी त्याच्या कानात आवतण द्यायचं : आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. पाहुण्याला देतात तसंच रीतसर. वडील असताना ते देत. ते गेल्यापासून भाऊ देतो.

खांदे भावानंच मळले. तांबडा गव्हाणीच्या उजव्या बाजूला उभा होता. डावी अर्धी गव्हाण मोकळी. कुणी तिकडे काही ठेवलेलं नव्हतं, पाऊस तिरपा आत येत होता तो उजवीकडेच येत होता, तरी हा सरकून उभा राहत नव्हता.

"सरकव ना त्याला," मी म्हटलं.

"सरकवून बघ तू," भावजय हसली. "वन्सं, आम्ही जूनपासून सरकवतोय. त्याची जागा त्याला ठावं हाय. आपल्यालाच ठावं नसती."

मळून झालं. भावानं हात धुतले आणि उभाच राहिला.

"आवतण दे की," आई म्हणाली.

"ताई, तू दे."

"मी? बायका देतात का?"

"तू दे. माझ्या तोंडातून नाय निघायचं." तो माझ्याकडे बघत नव्हता. "उद्या जेवायला ये म्हणायचं आन् परवा टेम्पोत घालायचं."

मला तेव्हा एवढंच वाटलं की एक काम अडलंय आणि अंधार पडतोय. मी पुढे झाले. तांबड्याचा कान गरम होता, आत केस होते. मी म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "असेच येत जा हं."

घरी कुणीही आलं की दारापर्यंत जाऊन मी हेच म्हणते. गॅसवाल्याला म्हटलंय, विमा एजंटाला म्हटलंय. तीस वर्षांची सवय आहे.  पण भावजयीनं तोंडावर पदर धरला. हसत होती की काय, ते कळलं नाही.

"काय म्हणलीस?" भावानं विचारलं.

"काही नाही. सवयीनं निघालं."

"सवयीनं!" आई म्हणाली. ती पायरीवर बसली होती. "तुझ्या बापानं चाळीस वरसं आवतण दिलं. उद्या या, एवढंच. पुढचं कधी बोलला नाय. का, तर पुढचं आपल्या हातात नाय म्हणायचा. आन् तू त्याला दर साली बोलावलं."

"अगं, तो बैल आहे. त्याला काय कळतंय?"

"मग कानात सांगितलंस कशाला?"

मी वही उघडून आवतणापुढं खूण केली. 

दुसऱ्या दिवशी शिंगांना लाल हिंगूळ लावला, बेगड चिकटवली, झूल घातली. गावात मोजून सहा जोड्या राहिल्यात. मारुतीपुढच्या तोरणाखालून त्या गेल्या आणि सगळ्यांच्या मागून आमचा एकटा. एकानं भावाला चिडवलं, "अर्धीच वरात आणली काय रं?" भाऊ म्हणाला, "अर्धी पुढं गेलीय." तांबडा तोरणाखालून जातानाही रस्त्याच्या उजव्या अंगानं गेला.

घरी आल्यावर आईनं पुरणपोळ्यांची दोन ताटं आणली आणि गव्हाणीत दोन्हीकडे ठेवली.  तांबड्यानं आपल्या बाजूचं ताट चाटून साफ केलं. डावीकडच्याला तोंड लावलं नाही. थोडा वेळ त्या ताटाकडे मान करून उभा राहिला, मग पाणी प्यायला. घरात आम्ही त्यानंतर जेवलो.

जेवताना पेठच्या माणसाचा फोन आला. भावानं तो उचलला, "ताईला विचारा" म्हणाला आणि माझ्या हातात दिला.

"ताई, उद्या येऊ ना गाडी घिऊन?" पलीकडून आवाज. "माझा डावीकडचा लय हंबरतो. जू बघितलं का उभा राहतो, शेजारी कोणी नाय तर चालत नाय."

मी म्हटलं, कळवते. आयुष्यात मी कुणाला असं उत्तर दिलेलं नाही. माझं उत्तर हो किंवा नाही असतं.

फोन ठेवला तेव्हा तिघं माझ्याकडे बघत होते. "मी सांगणार नाय," भाऊ म्हणाला. "मी आवतणच दिलं नाय."

"ज्यानं बोलावलं, निरोप त्यानंच द्यायचा," आई म्हणाली. "आपल्यात असंच हाय. ठेवायचा तर तू सांग, पाठवायचा तर तू सांग. मी रडणार नाय."

"तुला काय वाटतं पण?"

"मला वाटून काय? मला विचारून बोलावलं काय त्याला?"

तिथून परत येताना गाडीत मी मुद्दे काढायला बसले. ठेवावा तर तो एकटा, रिकाम्या गव्हाणीशेजारी, बिनकामाचा, आणि आईच्या गुडघ्यांवर शेणाचा भार. पाठवावा तर त्याला जोडीदार मिळतो, पेठच्या बैलालाही मिळतो. पण ज्याला काल दर वर्षी या म्हटलं, त्याला दोराला धरून गाडीत चढवायचं. आभार म्हणजे यातलं कुठलं? त्याला जे हवं ते करणं, की आपण बोललो ते पाळणं? त्याला काय हवंय हे मला कुठून कळणार? शाप देणारी पार्वतीही शेवटी एक दिवस देऊन मोकळी झाली. तो दिवस मला आता आभाराचा वाटत नाही, तिच्या अडचणीचा वाटतो. आणि कधी वाटतं, मी सवयीनं बोललेच नव्हते. आत कुठेतरी मला तो विकायचा नव्हता, आणि फोनवर मीच तर विक म्हटलं होतं. दोन्ही मीच.

सोसायटीच्या फलकावर माझं अर्धं पान अजून आहे, पावसानं कोपरे सुटलेत. येता-जाता लोक म्हणतात, छान लिहिलंत. दुसऱ्या बैलाचा साज माझ्या कपाटात, हिवाळ्याच्या कपड्यांवर ठेवलाय. घुंगरं दार उघडलं की वाजतात.

आता भात फुलोऱ्यात आलंय, असं भाऊ सांगतो. तांबडा बरा आहे, अजून उजवीकडेच उभा राहतो. पेठच्या माणसानं दुसरा बैल बघितलेला नाही. दसऱ्यापर्यंत थांबतो म्हणाला.

सतरावं काम : पेठला फोन करणे.