तुम्ही सरळ चला

प्रोद्रोमोस खुर्च्या विणायचा. ग्रीसमधल्या कवाला गावातल्या निम्म्या कॉफीखान्यांच्या वेताच्या बैठका त्याच्याच बोटांखालून गेलेल्या. सहाव्या वर्षी आजारात दृष्टी गेली, पण पुढची पंचावन्न वर्षं तो गावात एकटाच हिंडला. कुठे वळायचं ते त्याला पावाच्या वासावरून, दुकानांतल्या बोलण्यावरून कळे.

महामारी आली आणि कॉफीखान्यांना कुलपं लागली. खुर्च्या यायच्या थांबल्या. घराबाहेर पडायचं तर आधी सरकारला फोनवरून कारण कळवावं लागे. धाकटी बहीण देस्पिना रोज सकाळी त्याच्यासाठी तेवढं करी, मग तो काठी घेऊन किनाऱ्याच्या फुटपाथला लागे. रस्ता इतका मुका त्याने कधी ऐकला नव्हता. त्या शांततेतून पळणारे येत. रबरी तळव्यांचा आवाज नाही. एकदम कानाशी धाप, आणि माणूस पसार. आता श्वासाचीच भीती होती, आणि तो श्वास किती लांबून आला हे प्रोद्रोमोसला समजत नसे.

एप्रिलात एकदा तो असाच दचकून बाजूला झाला आणि संत्र्याच्या झाडाच्या आळ्यात अडखळून पडला. पावलं थांबली.

"काका, लागलं का? मी आंथी. पाच-सहा पावलांवर उभी आहे."

"मला दिसत नाही."

"आत्ता कळलं. तोंडाला रुमाल बांधलाय मी. जवळ येऊ?"

आजवर लोक न विचारता त्याचं कोपर धरत आणि तो झटकून टाकी. असं कुणी विचारलं नव्हतं. "ये," तो म्हणाला.

गुडघा फुटला होता. घरापर्यंत तो तिला बोलत राहिला. रस्ता रिकामा झाला म्हणजे तुमच्या बापाचा झाला का, असंही म्हणाला. ती पोहायला शिकवायची. तलाव बंद म्हणून पळत होती.

"खरं सांगू का?" दाराशी ती म्हणाली. "मला राग आला होता, हा माणूस हटत का नाही म्हणून."

दुसऱ्या दिवशी तीस पावलांवरून तिचा तलावावरचा खणखणीत आवाज आला. "काका, आंथी येतेय. मी रस्त्यावर उतरते, तुम्ही सरळ चला."

वरच्या खिडकीतून एक म्हातारी कुरकुरली, सकाळी सकाळी ओरडते कशाला म्हणून. "माझ्यासाठी," प्रोद्रोमोस म्हणाला.

पंधरा दिवसांत आणखी चौघं-पाच जण हाक द्यायला लागले. एक जण नुसता खोकायचा. "खोकू नकोस रे बाबा, त्यापेक्षा गाणं म्हण," प्रोद्रोमोसने त्याला सांगितलं, आणि तो खरंच गुणगुणत जाऊ लागला.

मे संपता संपता कॉफीखाने उघडले, खुर्च्यांचा ढीग आला. पुढे आंथी तलावावर परतली. बाकीचेही हळूहळू विसरले. एका सकाळी कुणीतरी पुन्हा खांद्याला वारा लावून गेलं.

घरी ते ऐकून देस्पिना म्हणाली, "बघ दादा, लोक असेच. गरज सरली."

प्रोद्रोमोसने वेत पाण्यात भिजत घातला. "आंथीलाही मी पडेपर्यंत दिसलो नव्हतो," तो म्हणाला. "उद्या तो पळणारा पुन्हा त्याच वेळेला येईल. मीच आधी हाक मारतो."