पुलावरची लांबलेली दुपार

आमच्या आत्याच्या नाकावर राग कायमचा वस्तीला आहे, आणि मला तिचं तेच आवडतं. मांगा, म्हणजे जपानी पद्धतीच्या चित्रकथा काढणाऱ्या एका चित्रकाराकडे ती बरीच वर्षं कामाला होती. शिलाई मशिनी दुरुस्त करणाऱ्या दुकानाच्या वर दोन खोल्या, तीन टेबलं आणि शाईनं काळा पडलेला एक टॉवेल. पात्रांचे चेहरे चित्रकार काढायचा. पूल, आभाळ, बघ्यांची गर्दी आणि सगळ्यांच्या सावल्या आत्याकडे. दर आठवड्याला साप्ताहिकात एक भाग छापून यायचा, आणि आत्याचा पगारही साप्ताहिकाकडूनच यायचा.

त्या कथेत दोन जिवलग मित्र तलवारी घेऊन पुलावर समोरासमोर आले, ते भर दुपारी. एक मरणार, हे ठरलेलं होतं. दोन वर्षं झाली तरी कोणी मरेना. एका भागात तलवार वर जायची, पुढच्या भागात ती बघून गर्दीचे डोळे विस्फारायचे, त्यापुढच्या भागात एकाला बालपण आठवायचं, तेही आधी दोनदा आठवून झालेलं. मी घरी विचारायचे, "आत्या, आज काय झालं?"

"घामाचा थेंब कपाळावरून निघाला. पुढच्या आठवड्यात नाकापर्यंत येईल."

द्वंद्व सुरू झालं तेव्हा खप वाढला होता, म्हणून संपादकानं हे गुऱ्हाळ चालू ठेवलं होतं आणि चित्रकार त्याच्या होला हो करत होता. आत्यानं बोलून पाहिलं. कोणी ऐकेना, तेव्हा तिनं सावल्या वाढवायला घेतल्या. दर भागात थोड्या थोड्या. तिचं काम चित्रकार आता तपासतही नसे. विश्वास म्हणा, नाहीतर थकवा. बघता बघता पुलावर संध्याकाळ झाली आणि वाचकांची पत्रं आली, की अंधार पडल्यावर हे लढणार कसे?

संपादक धापा टाकत जिना चढून आला. "पुढच्या भागात सावल्या आखूड करा. लोक विसरतील."

"म्हणजे सूर्याला मागे ढकलू? तो तुमच्या पगारावर नाहीये. मी आहे."

"मग या भागानंतर तुम्हीही नसाल."

"चालेल! पण या भागात सूर्य मावळणार म्हणजे मावळणार."

संपादक दार आपटून गेला. चित्रकार कितीतरी वेळ पेन्सिलीला टोक करत बसला. मग त्यानं विचारलं, "ताई, उजेड किती उरलाय?"

"एका भागापुरता."

"मला शेवटाची भीती वाटते हो. एक मेला, की लोक कशाला थांबतील?"

"आता काय, जांभया देत थांबलेत. त्यापेक्षा रडून गेले तर जाऊ देत!"

त्यानं पेन्सिलीत काढलेले मित्रांचे विस्फारलेले डोळे खोडून टाकले. तलवार खाली आली ती एकाच चौकटीत. मित्र मित्राच्या हातून मेला. ते पान बघून मी खरंच रडले. छपाईची वेळ तोंडावर आलेली, त्यामुळे संपादकाला ते मुकाट्यानं छापावं लागलं. त्यानं आपला शब्दही पाळला आणि आत्याला काढून टाकलं. तेव्हा चित्रकारानं तोंडातून अवाक्षर काढलं नाही, याचा मला अजून राग आहे. आत्याला नाही. ती आपले ब्रश धुऊन, पिशवीत भरून ताठ मानेनं घरी आली.

त्या भागाचं शेवटचं पान चित्रकारानं तिच्यावर सोडलं होतं. तिनं त्यात मावळता सूर्य काढला होता आणि पाठमोरी गर्दी. कोणी झोपलेलं मूल खांद्यावर घेतलेलं, कोणी म्हाताऱ्याला हात दिलेला.

"एवढ्यासाठी नोकरी घालवलीस?" मी विचारलं.

"नोकरी दुसरी बघेन," ती म्हणाली. "दोन वर्षं ती माणसं उन्हात ताटकळत उभी होती गं. त्यांना घरी पाठवायला नको?"